मावशीच्या सवलतीच्या दुपारी

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बसस्थानकाच्या मागच्या अंगाला उघडायची. खिडकी उघडली की डिझेलचा वास, गाड्यांची घरघर आणि माझ्या मावशीचा आवाज असं सगळं एकदमच घरात यायचं. मावशी त्या स्थानकावर उद्घोषक होती. काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून सांगायचं, हे तिचं काम. आमच्याकडे भिंतीवर घड्याळ होतं, पण ते नावाला. आई घर चालवायची ती मावशीच्या आवाजावर. बंदराकडची गाडी लागली की दूध तापत ठेवायचं, दुपारची जलद गाडी सुटली की दोरीवरचे कपडे काढायचे, आणि मावशीनं माईकवर घसा खाकरला की समजायचं, कुठलीतरी गाडी रखडलीय आणि मावशीही जेवायला उशिरा येणार.

मावशी आईची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची, जिन्याशेजारच्या खोलीत. घरात तिचं बोलणं बेताचंच. बाबा म्हणायचे, दिवसाचा सगळा साठा ती तिकडेच संपवून येते. माईकसमोर मात्र ती खुलायची. केबिनमध्ये एका फळीवर तीन पितळी पट्ट्या ठोकलेल्या होत्या. लाकडी हातोडीनं त्या टण टण टण वाजवायच्या आणि मग बोलायचं. वरच्या कार्यालयानं वाक्यं छापून दिली होती, सगळी 'प्रवाशांना सूचित करण्यात येते की' अशी सुरू होणारी. ती मावशीनं पहिल्याच आठवड्यात खुंटीला टांगली. ती आपली सरळ सांगायची, "डोंगरगावची गाडी तीन नंबरला लागलीय. मागची बाकं मोकळी आहेत, दारात लोंबकळू नका." कुणाची छत्री सापडली तर सांगायची, "काळी छत्री सापडलीय. काळी तर सगळ्यांचीच असते, तेव्हा मूठ कशी आहे ते सांगेल त्यालाच मिळेल." फलाटावर हशा पिकायचा. स्थानकाचा सगळा कारभार ज्यांच्या हाती होता ते कंट्रोलरकाका कधीमधी केबिनशी येऊन म्हणायचे, बाई, जरा नियमात बोला. मग स्वतःच हसत परत जायचे.

गावात तिला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे. आवाजानं ओळखणारे सगळे. भाजीवाल्याकडे ती नुसतं "पाव किलो" म्हणाली की आजूबाजूच्या चारजणी वळून बघायच्या. तिला ते आवडायचं, पण कबूल करायची नाही.

त्या वर्षी मी नुकतीच कॉलेज संपवून घरी बसले होते. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि पोस्टमनची वाट बघायची, एवढाच उद्योग. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला आपल्या लेकीकडे जायला स्थानकावर यायचे. काटकुळे, हातात कापडी पिशवी, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांची गाडी नेहमी दोन नंबरला लागायची. त्या दिवशी दोन नंबरला एक गाडी बंद पडली होती, म्हणून कंट्रोलरकाकांनी मास्तरांची गाडी चार नंबरला लावायला सांगितली. मावशीनं तसं माईकवरून सांगितलं. मास्तर बाकावरून उठले आणि फलाटाला वळसा न घालता मधल्या मोकळ्या जागेतून, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून पळाले. त्याच वेळी त्यातली एक गाडी मागे आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले होते.

चौकशी झाली. कंडक्टर खाली उतरून शिट्टी देत नसताना ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली, असा ठपका बसला. त्याला शिक्षा झाली आणि नंतर दुसऱ्या गावी बदली. मावशीचं नाव त्यात कुठे आलंच नाही. तिला कुणी काही विचारलंही नाही. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली, तिसऱ्या दिवशी गेली, आणि तशीच जात राहिली. काळ्या छत्रीचे विनोद तेवढे बंद झाले. घरात आम्हाला वाटलं, चांगलं सावरलं हिनं.

मग काही महिन्यांनी एका सकाळी आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. पट्ट्या वाजल्या, टण टण टण, आणि पुढे काहीच आलं नाही. माईक चालू होता. पंख्याची घुरघुर ऐकू येत होती आणि कुणीतरी श्वास घेतंय तेही. आई हातात चिमटा धरून तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं कंट्रोलरकाकांचा घोगरा आवाज आला, त्यांनीच गाडीचा फलाट सांगितला, तोही चुकीचा. आई म्हणाली, "टिकले, पळ." टिकली हे माझं घरातलं नाव.

मी गेले तेव्हा मावशी केबिनबाहेरच्या बाकावर बसली होती. तळहात बर्फासारखे गार, कपाळावर घाम. मला बघून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काही नाही गं, घसा बसलाय." घसा अजिबात बसला नव्हता. बोलत होती की माझ्याशी. पण माईकसमोर गेली की गळ्याला कुणी दोरी आवळावी तसं व्हायचं. त्या आठवड्यात तिनं रोज प्रयत्न केला आणि रोज तेच झालं. शेवटी कंट्रोलरकाकांनी तिला रजेवर जायला सांगितलं. पूर्ण पगारी रजा लवकरच संपली, मग अर्धपगारी सुरू झाली.

आमच्याकडे उपायांची जत्राच भरली. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं, घसा लख्ख होता. हृदयाच्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी काढली, तीही लख्ख. शेजारणींनी मध सुचवला, मिठाच्या गुळण्या सुचवल्या, एकीनं तर गाणं शिकायला लाव म्हणून सांगितलं. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. त्यांचं म्हणणं, कुठेतरी गळती आहे, ती सापडली की झालं. अखेर आमचे नेहमीचे म्हातारे डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबले, पेनाला टोपण लावलं आणि आईला म्हणाले की हे माझ्या पेटीतलं दुखणं नाही. हिला मनावर उपचार करणाऱ्या माणसाकडे न्या. इथे गावात तसं कुणी नाही, जिल्ह्याच्या शहरात विचारा.

आई घरी आली. दार लावून घेतलं आणि मग म्हणाली, "वेड लागलंय का तिला?" मावशी आतच होती. तिनं शांतपणे सांगितलं, "ताई, वेड लागलं असतं तर मी माईकवर गाणी म्हटली असती. मला तर साधा फलाट सांगता येत नाही."

तेव्हा अशी माणसं शोधायची कशी हेच कुणाला माहीत नव्हतं. दाताच्या डॉक्टरची पाटी रस्त्यावर दिसते, चष्म्याच्या दुकानावर मोठा डोळा काढलेला असतो. मनाची पाटी कुठे असते? आम्हाला एक सापडली, बाजारात, बुटांच्या दुकानावरच्या मजल्यावर. 'मनोबल केंद्र'. आत अत्तर फवारलेलं, पडदे ओढलेले, कपाटात चांदीच्या रंगाचे चषक. तिथल्या गृहस्थांनी सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ मागितले. मावशीनं दिलेही. मी त्यांना विचारलं, तुमचा परवाना कुठला? त्यांनी चषकांकडे हात केला. पहिल्या बैठकीत त्यांनी मावशीला एका निळ्या दिव्याकडे टक लावून बघायला लावलं आणि दुसऱ्या बैठकीत निदान सांगितलं की वेळेवर संसार न थाटल्यामुळे हा कोंडमारा झालेला आहे.

मावशी जिन्यावरून खाली आली ती तरातरा. बुटांच्या दुकानासमोर थांबून म्हणाली, "मला आवाज परत पाहिजे होता, हा बाबा नवरा शोधायला निघालाय." आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. रस्त्यात तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. उरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. बाबा दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा केंद्राला कुलूप.

त्यानंतर शोधायचं काम मी अंगावर घेतलं. घरी फोन नव्हता. कंट्रोलरकाकांनी त्यांच्या टेबलावरचा फोन दुपारच्या सुस्त वेळात मला वापरू दिला. मी शहरातल्या सरकारी इस्पितळात फोन लावला. तिथून मला या विभागातून त्या विभागात इतक्या वेळा जोडलं की एकदा मी पुन्हा पहिल्याच माणसाशी बोलत होते आणि दोघांनाही ते उशिरा कळलं. शेवटी एका परिचारिकेनं फोन घेतला. तिच्या मागे कुणीतरी रडत होतं, तरी तिनं मला घाई केली नाही. तिनं सांगितलं की पाटीला भुलायचं नाही. शिक्षण कुठे झालं विचारायचं, परवान्याचा क्रमांक मागायचा, तो जिथून मिळतो त्या परिषदेकडे चौकशी करायची, आणि असं दुखणं याआधी हाताळलंय का तेही विचारायचं. खरा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही, असंही ती म्हणाली. मग तिनं काही नावं दिली.

त्यातले एकजण फक्त मुलांना बघायचे. एकांकडे पुढचे तीन-चार महिने जागा नव्हती. एकांनी माझे प्रश्न ऐकून फोनच ठेवला. मग एका बाईंनी उचलला. आवाज जाडसर, शब्द मोजके. मी परवान्याचा क्रमांक विचारला, तर त्यांनी तो दोनदा सांगितला आणि म्हणाल्या, "लिहून घेतलात ना? आता परिषदेत फोन करून खात्री करा, आणि मगच मला परत फोन करा." मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणाले, तर त्यांनी दुरुस्त केलं. त्या डॉक्टर नव्हत्या, औषधं देत नव्हत्या. बोलण्यातून उपचार करण्याचं शिक्षण घेतलेल्या होत्या. औषधाची गरज दिसली तर त्या दुसऱ्यांकडे पाठवणार होत्या. मी खात्री केली. क्रमांक खरा निघाला. मग मी फी विचारली आणि फोन ठेवल्यावर कंट्रोलरकाकांच्या खुर्चीत जरा वेळ नुसती बसून राहिले. अर्ध्या पगारात दर आठवड्याला तेवढी रक्कम म्हणजे मावशीनं जेवायचं सोडून द्यावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी जेवताना घरात हाच विषय. बाबा म्हणाले, आपण सगळे मिळून भागवू. आईनं आपल्या बांगड्यांकडे पाहिलं. मावशीनं ते पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. ती म्हणाली की माझ्या घशाचं बिल मी भरीन, नाही जमलं तर गप्प राहीन, त्यात घराचं काही अडत नाही. बाबांनी एवढंच म्हटलं, "तू गप्प राहिल्यापासून तुझ्या बहिणीचं दूध रोज उतू जातंय." तो विषय तिथेच थांबला, पण मावशीनं ताट परत ओढून घेतलं.

पहिल्या भेटीला मी तिच्याबरोबर गेले. बाईंची खोली एका लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वर होती. खालून खिळे तोलल्याचा आवाज यायचा. पडदे उघडे, खिडकीत पाण्याचा तांब्या, समोरासमोर नाहीत अशा जराशा तिरप्या ठेवलेल्या दोन खुर्च्या. भिंतीवर चौकटीत परवाना, बाकी काही नाही. बाई साठीच्या आसपासच्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात लोकरी मोजे. आधी पैशाचं बोलून घेऊ, म्हणजे डोक्यात राहणार नाही, असं त्याच म्हणाल्या. मावशीनं उभ्या उभ्याच विचारलं, "तुमच्याकडे सवलतीचा पास मिळतो का?"

मला वाटलं, आता बाई चिडणार. मावशीनं आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या आणि वृद्धांच्या सवलतीच्या पासांच्या सूचना दिल्या होत्या, तिला तेवढीच भाषा सुचली. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मिळतो," त्या म्हणाल्या. "पण गर्दीच्या वेळेत चालत नाही. दुपारी जेवणानंतरची वेळ कुणाला नको असते. त्या वेळेला मी काही माणसं कमी पैशात घेते. पगार पुरा सुरू झाला की पास संपला."

"आणि मी पगार लपवला तर?"

"तर तुम्ही दर आठवड्याला इथे येऊन माझ्याशी खोटं बोलाल. त्यापेक्षा पूर्ण भाडं स्वस्त पडेल."

मावशी खुर्चीत बसली. मी बाहेर आले.

तेव्हापासून त्या दुपारी सुरू झाल्या. त्या वेळच्या आठवणी काढायला बसले की मला आधी त्याच आठवतात. जेवण उरकून आम्ही निघायचो. मावशी चांगले बूट घालायची, केसांना पाणी लावून नीट विंचरायची, जणू कुणाच्या घरी पाहुणी म्हणून निघालीय. गाडीत ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी. बाहेर पाटाचं पाणी, विटांच्या भट्ट्या, पत्र्याच्या कारखान्याचं लांबच लांब कुंपण. जाताना ती बोलायची नाही. ती वर गेली की मी समोरच्या बागेत बसून नोकरीचे अर्ज लिहायची. येताना आम्ही स्थानकाच्या कोपऱ्यावर चहा आणि लोण्याचा पाव घ्यायचो, आणि मग कधी ती बोलायची, कधी नाही. मी विचारायचं नाही, असं आमचं न ठरवता ठरलेलं होतं.

पहिले काही आठवडे ती तिथे फक्त गाड्यांचं वेळापत्रक सांगत होती, असं तिनंच मला सांगितलं. बाई ऐकत होत्या. एकदा बाईंनी विचारलं की रविवारी ही गाडी का नसते, तर मावशीला इतका आनंद झाला की ती तासभर त्यावरच बोलली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कमाल आहे. पैसे देऊन मी तिला टाइमटेबल शिकवतेय." पुढच्या खेपेला मात्र ती बाहेर आली ती जिन्याचा कठडा धरून. चहा गार झाला तरी तिनं कप उचलला नाही. मग एकदम म्हणाली, "टिकले, छापील कागदावर फक्त फलाट बदलल्याचं वाक्य होतं. 'लवकर या' हे माझं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवशी माईकवरून तिनं सांगितलं होतं, गाडी चार नंबरला लागलीय, लवकर या, सुटायच्या बेतात आहे. ते मी स्वयंपाकघरातून ऐकलंही होतं आणि विसरूनही गेले होते. छापील वाक्यात 'लवकर या' नव्हतंच. चौकशीत कुणी ते विचारलं नाही, म्हणून ते तिच्याकडेच राहिलं. इतके महिने ती ते गिळून बसली होती आणि त्याच्यामागून दुसरा शब्द वर येत नव्हता. मी तिला म्हटलं की तू तर रोजच असं म्हणायचीस. ती म्हणाली, बाईंनीही हेच विचारलं, की तुम्ही रोज म्हणत होतात तेव्हा रोज काय होत होतं? "मी म्हटलं, रोज लोकांना गाडी मिळत होती." एवढं बोलून तिनं गार चहा एका दमात संपवला.

दरम्यान पैशाची दुसरी लढाई गावात सुरू होती. नोकरदारांना उपचाराचा खर्च परत मिळायचा. दाताचा मिळायचा, चष्म्याचा मिळायचा, घशाचाही मिळायचा. बाईंच्या पावतीवर 'समुपदेशन' असं लिहिलेलं होतं. कार्यालयातल्या लेखनिकानं ती पावती उलटसुलट करून पाहिली आणि बोलण्याचे पैसे देण्याची सोय नाही असं सांगितलं. कंट्रोलरकाकांना हे कळलं तेव्हा ते स्वतः मावशीला घेऊन वरच्या कार्यालयात गेले. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, हे आईला विशेष वाटलं. तिथल्या साहेबांना ते म्हणाले की या बाईला स्थानक बोलण्याचा पगार देतं. बोलण्याचा पगार देता येतो तर बोलण्याच्या औषधाचे पैसे का देता येत नाहीत? साहेबांनी परवान्याचा क्रमांक मागितला, तो आमच्याकडे होताच. फेऱ्या पुष्कळ माराव्या लागल्या, आणि शेवटी सगळे नाही, काही भाग मंजूर झाला. पुढे त्याच मंजुरीच्या आधारावर दोन ड्रायव्हरांनी आणि एका कंडक्टरनं आपल्या पावत्या लावल्या, हे मला फार नंतर कळलं.

बाईंनी मावशीला आवाज आणायची घाई कधीच केली नाही. आधी त्यांनी तिला नुसतं स्थानकावर जाऊन बसायला सांगितलं, प्रवाशासारखं. मग चार नंबरच्या फलाटावर. मग केबिनमध्ये, माईक बंद ठेवून. ती बंद माईकसमोर बसून हळू आवाजात जुन्या गाड्या पुकारायची आणि कंट्रोलरकाका बाहेर उभे राहून कुणाला आत येऊ द्यायचे नाहीत. काही दिवस चांगले जायचे. काही दिवस ती दारातूनच परत फिरायची आणि सबंध दिवस जिन्याशेजारच्या खोलीत पडून राहायची. एकदा तर आता शहरात जाणारच नाही, असं म्हणाली. त्या आठवड्यात खरंच गेली नाही. पुढच्या आठवड्यात निमूटपणे बूट घातले.

मास्तरांच्या लेकीला भेटायचं मात्र तिचं तिनंच ठरवलं. बाईंनी ना भरीला घातलं, ना अडवलं. तिथे जाऊन नेमकं काय मागायचंय, एवढंच विचारलं. माफी मागायचीय, असं मावशी म्हणाली, आणि मग दोन दुपारी त्यावरच गेल्या. शेवटी माफीऐवजी नुसतं सांगायचं ठरलं. मी तिच्याबरोबर गेले. मास्तरांची लेक शिवणकाम करायची. तिच्या पुढच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि दोरीवर टांगलेले अर्धवट शिवलेले कपडे. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि मशीनवर हात ठेवून ऐकून घेतलं. मावशीनं जे होतं ते सांगितलं, 'लवकर या' सकट.

तिनं मशीनवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "मला राग आला होता. ड्रायव्हरचा आला, स्थानकाचा आला. तुमचा पण आला असता, पण तुम्ही असं म्हणाला होतात हे मला ठाऊकच नव्हतं." पुढे म्हणाली, "आता आलाय की नाही, ते मला सांगता येत नाही."

मावशीनं मान हलवली. आम्ही उठलो. दाराशी आल्यावर लेक म्हणाली की दादा, म्हणजे तिचे वडील, घरात तुमची नक्कल करायचे. आम्हाला हसवायला जेवायला हाक मारायची ती तुमच्या आवाजात. ताटं दोन नंबरला लागलीत, दारात लोंबकळू नका. हे सांगताना ती हसत नव्हती, आणि मावशीही हसली नाही. पण परतीच्या गाडीत मावशीनं माझा हात धरला होता, आणि तिचा हात ऊबदार होता. मी ते मुद्दाम लक्षात ठेवलं.

ती परत माईकवर आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. कुणाला आधी सांगितलं नव्हतं. आई फरशी पुसत होती. पट्ट्या वाजल्या आणि आवाज आला, पहिल्यापेक्षा जाडसर, थोडा संथ. बंदराकडची गाडी चार नंबरला लागलेली आहे. मग इतका वेळ काहीच नाही की आईचा हात फडक्यावरच थांबला. आणि मग, "सावकाश या. गाडी थांबणार आहे." आई फरशीवरच बसली आणि पदराआड नाही, सरळ हमसून रडली. फलाटावरच्या कुणाला काही कळलं नसणार. त्यांना गाडी कुठे लागलीय ते कळलं, बस.

'गाडी थांबणार आहे' यावर ड्रायव्हरांनी कुरकुर केली. आमच्या वतीनं ही कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. पण सगळ्या स्थानकाला ऐकवल्यावर निघून जाणंही बरं दिसेना, म्हणून ते थांबू लागले. पुढे तशी सवयच पडली.

पगार पुरा सुरू झाला त्या आठवड्यात मावशीनं बाईंच्या टेबलावर पूर्ण फी ठेवली. बाईंनी पैसे उचलले, पावती फाडली आणि म्हणाल्या की आता तुम्हाला गर्दीच्या वेळेला येता येईल. मावशी म्हणाली, दुपारच बरी, सवय झालीय. पुढे फेऱ्या कमी होत गेल्या, महिन्याला एक, मग तीन-चार महिन्यांनी एक. तोवर मला नोकरी लागली होती आणि ती एकटीच जायची. त्या चहाला, त्या पावाला मी तेव्हाच मुकले. त्यानंतर मी कितीतरी चांगल्या ठिकाणी चहा प्यायले. तसा लागला नाही.

काही वर्षांनी स्थानकात ध्वनिमुद्रित सूचना आल्या. एका गोड, कुणाच्याच नसलेल्या आवाजात प्रवाशांना पुन्हा सूचित करण्यात येऊ लागलं. मावशीला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. आम्हाला वाटलं, तिला वाईट वाटेल. तिला वाटलंही, पण खिडकी तिला मानवली. आजवर तिनं हजारो लोकांना सांगितलं होतं, पण कुणाचं ऐकलं नव्हतं. इथे लोक वाकून बोलायचे.

आणि तिथे वेगळीच गिऱ्हाइकं येऊ लागली. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कुणी बाई रांग संपेपर्यंत बाजूला रेंगाळायची, मग जाळीशी तोंड नेऊन पुटपुटायची की माझा मुलगा खोलीतून बाहेरच येत नाही. कुणी दुकानदार उगाच दोन गाड्यांच्या वेळा विचारायचा आणि मग म्हणायचा, मला हल्ली झोप नाही. मावशी त्यांना गाडी सांगायची, कुठे उतरायचं ते सांगायची, लोखंडी सामानाच्या दुकानाची खूण सांगायची. परवान्याचा क्रमांक मागा, लाजू नका, असं बजावायची. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते तेव्हा जाळीपलीकडे एक तरुण मुलगी उभी होती, हातातली पिशवी पिळत. तिला खर्चाची काळजी होती, आणि तिथे गेलं की लोक काय म्हणतील याची.

मावशीनं चष्मा कपाळावर सारला. "दुपारच्या वेळेचं विचार," ती म्हणाली, "तेव्हा कमी पैसे घेतात. आणि खिडकीशी बस, त्या बाजूला पाट दिसतो." मग तिनं मागच्या माणसाला हातानंच थोपवलं आणि त्या मुलीला परतीच्या गाडीची वेळ सांगू लागली.